भाऊजींचा ताणण्यावर विश्वास नव्हता

माझ्या थोरल्या भाऊजींइतका, म्हणजे मोठ्या ताईच्या यजमानांइतका, संशयी माणूस आमच्या मुलखात दुसरा झाला नसेल. आणि झालाच असेल, तर भाऊजींनी त्याच्यावरही संशय घेतला असता. नेरला आडतीच्या दुकानात ते कापूस पारखायचे. गाडीवरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते बघायचेही नाहीत. बाही खांद्यापर्यंत सारून हात गाडीच्या पोटात घालायचे आणि तळचा ओला कापूस बाहेर काढायचे. पुढे पुढे त्यांची अशी खात्रीच झाली, की जगातल्या प्रत्येक गोष्टीच्या पोटात असाच ओला कापूस दडलेला आहे. न्हाव्याने 'मान वाकवा' म्हटलं, की हे 'काहून?' विचारत. यवतमाळच्या मोटारीत बसले, की ती यवतमाळलाच जाते का हे आधी कंडक्टरला, मग ड्रायव्हरला आणि शेवटी, ते दोघं मिळालेले असतील म्हणून, एखाद्या प्रवाशाला विचारत. लग्नात त्यांनी अंतरपाट बोटाने सारून पलीकडे ताईच उभी आहे ना, हे तपासलं होतं. ताई म्हणायची, "खरं हाय ते. मीबी त्याच फटीतून पाह्यलं त्याइले."

साठ सालच्या आसपास मॅट्रिकसाठी मी ताईकडे राहायला आलो. उंच उडीत माझं बरं नाव होतं. शाळेत नवे ड्रिल मास्तर आले होते. उडीआधी ते आम्हाला मातीत बसवून पाय फाकवायला लावत, नाक गुडघ्याला टेकवत आणि मांडीमागची शीर तुटेल की काय असं वाटेपर्यंत तसंच धरून ठेवत. मी खरंच मैदानावर जातो की कुठे भटकतो, हे बघायला भाऊजी एका सकाळी तिथे आले आणि तो प्रकार बघून गंभीर चेहऱ्याने परत गेले. जेवताना म्हणाले, "बाबू, हा मास्तर तुमाले उडवून राह्यला का निजवून राह्यला?"

"अंग मोकळं होते म्हनतात ते."

"मोकळं होते का ढिलं? खाटेची नवार ढिली पडली तं तिच्यावर कोन उसळते? अन् हा मास्तर कुठचा?"

"बाभुळगावचा."

"मंग! त्याचा भाचा असंन तिकडच्या शाळेत उडनारा."

रविवारी त्यांनी मला घराच्या भिंतीपाशी उभं केलं. बोटांना ओला चुना लावून उडी मारायची आणि भिंतीला हात लावायचा. आधी नुसतं इकडेतिकडे पळून उडी मारली. मग मास्तरांसारखं ताणून. दुसरी खूण दोन बोटं खाली आली. मला वाटलं, भाऊजी आता नाचतील. पण त्यांचा स्वतःच्या जिंकण्यावरही विश्वास नव्हता. "तू दमला असशीन," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी उलटा क्रम लावला, आधी ताणून आणि मग न ताणता. ताणलेलीच खूण पुन्हा खाली. भाऊजींनी माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "मले खूश कराले कमी उडून राह्यला काय बे?"

मग धोतर खोचून ते स्वतः उडले, आधी न ताणता, मग ताणून; त्यांचीही ताणलेली खूण खालीच आली. तरी समाधान होईना, म्हणून ताईला हाक मारली. ताईने पदर कमरेला खोचला, हसत हसत उडी मारली आणि तिची बोटं भाऊजींच्या खुणेच्या चांगली वर लागली. ताणल्यावर तीही खाली आली, पण भाऊजींच्या वरच. भाऊजींनी भिंतीवरून हात फिरवून पाहिला. "ही भिंतच एका अंगाले खचली असंन."

"भिंत नाई खचली," ताई म्हणाली, "तुमी खचले."

यवतमाळच्या सामन्यांना मास्तरांनी बजावलं, की जो ताणणार नाही, तो उडणार नाही. भाऊजी सोबत आले होते. ते थेट मास्तरांकडे निघाले, तेव्हा आता माझं नाव कटतंय असं मला वाटलं. पण त्यांनी चक्क हात जोडले. "मास्तर, तुमच्या भाच्याची चौकशी केली. तुमाले भाचाच नाई. तवा तुमच्यावरचा संशय मी मागं घेतला. आता तुमी माह्यावर संशय घ्या. आधी न ताणता अन् मंग ताणून, स्वतः उडून पाह्या."

मास्तर आधी चिडले, मग हसले, आणि शेवटी मैदानाच्या भिंतीशी जाऊन खरंच उडले. ताणून पुन्हा उडले. मग आपल्याच बोटांकडे बघत मला म्हणाले, "जा. थोडा पळ, दोन-चार हलक्या उड्या मार, अन् ये."

मी तोवरची माझी सर्वांत उंच उडी मारली आणि दुसरा आलो. पहिला आला पुसदचा एक उंचेला पोरगा. भाऊजी तडक उडीच्या आडव्या काठीपाशी गेले, ती मधे वाकलेली आहे का पाहिलं, पंचांची बोलणी खाल्ली आणि परत येऊन खाली मान घालून म्हणाले, "त्याची उडी खरी होती." त्यांच्या तोंडून एखाद्या गोष्टीला 'खरी' म्हटलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

पुष्कळ वर्षांनी, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, मी नेरला गेलो. नर्सने गोळी पुढे केली. भाऊजींनी तोंड उघडलं, गोळी गिळली आणि माझ्याकडे बघून मंद हसले. ताई माझ्यामागून बाहेर ओसरीवर आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "कायची गोळी, काहून घ्याची, काईच इचारत नाईत रे आता."