पेत्राची खुर्ची

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर खुर्च्यांवर बसलेल्या बारा जणांचे पाय धुतात, प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे. त्यातली पहिली, म्हणजे पट्टशिष्य पेत्राची खुर्ची, कैक वर्षं रबरमळेवाल्या पोथच्चनांची. तिथे दुसरा कुणी नुसता टेकला तरी ते चर्च डोक्यावर घेत.

यंदा नव्या फादरनी रविवारच्या भर मिस्सा-प्रार्थनेत सांगून टाकलं, सहा खुर्च्यांवर बायका बसतील. झालं! पोथच्चनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गुरुवारी दुपारी ते मागच्या ओसरीवर बायबल मांडीवर घेऊन बसले. मळक्या टाचा फादरच्या हातात दिल्या तर घराण्याची अब्रू जायची, म्हणून त्यांची बायको अच्चाम्मा चुलीवरचे अप्पम तसेच टाकून, दरवर्षीसारखी त्यांचे पाय वज्रीने घासत होती.

"प्रभूने एका तरी बाईचे पाय धुतले, असं कुठे लिहिलंय? दाखव म्हणावं त्या फादरला!" पोथच्चन गरजले. "त्या मासळीवाल्या थ्रेसियेच्या शेजारी मी बसू?"

"दुसरा पाय द्या."

"शास्त्रात आहे तसंच व्हायला हवं. काडीचा फरक चालणार नाही!"

"शास्त्रात पाय धुणारा कोण होता हो?"

"कोण म्हणजे? प्रभू! गुरू!"

"आणि धुवून घेणारे?"

"शिष्य. एवढंही माहीत नाही तुला?"

अच्चाम्माने पाय पुसले आणि गढूळ पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं.

"मग इतकी वर्षं या घरात गुरू कोण, ते आधी फादरना सांगून या. खुर्चीचं नंतर बघू."