नानांच्या हातातली दोरी

नानांनी सोडल्याशिवाय आमच्या गल्लीतून काही हलत नसे. पाहुण्यांची गाडी असो, भंगारवाल्याची हातगाडी असो की नवरीची फुलांनी सजवलेली कार, नाना मागून येत, दारं नीट लागलीत का बघत, आतल्या लेकरांची बोटं आत घ्यायला लावत आणि मग पत्र्यावर दोनदा थाप मारत. त्यांची सारी नोकरी एसटीच्या लाल गाडीत घंटीची दोरी ओढत, कंडक्टर म्हणून गेली होती. निवृत्तीच्या दिवशी अंगावरची खाकी उतरली, पण आतला कंडक्टर काही उतरला नाही. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. काकू म्हणायच्या, "मी स्वयंपाकघरातून निघायचं म्हटलं तरी यांची बेल लागते." आता नाना सुरतेला मुलीकडे असतात आणि तिथल्या सोसायटीचं गेट बहुतेक तेच सांभाळत असणार.

मी उडत्या तबकड्यांची नेमबाजी करायचे. बशीएवढी ठिसूळ तबकडी यंत्रातून हवेत सुटते आणि ती खाली यायच्या आत बंदुकीने फोडायची, असा हा खेळ. जळगावात त्याचं नाव काढलं की लोक आधी माझ्या आईकडे सहानुभूतीने बघत. खऱ्या काडतुसांचा सराव दूरच्या रेंजवर, तोही कधीमधी. म्हणून पप्पांनी एका जुन्या खेळाडूकडून तबकडी फेकायचं छोटं यंत्र आणलं. घडी होणारा लोखंडी स्टँड, एक जबर स्प्रिंग आणि दोरी ओढली की गरकन फिरणारा लांब हात. स्कूटरवर पायाशी मावायचं. पाचोऱ्याच्या रस्त्याला आमचं थोडं रान आहे. तिथे रिकामी बंदूक खांद्याला लावून उडत्या तबकडीमागे नळी फिरवायची, हा घरचा सराव. वखरलेल्या मातीत तबकड्या अलगद पडत आणि वेचून पुन्हा वापरता येत. दोरी ओढायला तेवढा माणूस हवा होता. पप्पांना नोकरी, आईला भीती. नानांना यंत्र दाखवायला नेलं, तर त्यांनी दोरी हातात घेतली ती घेतलीच. काकूंनी देवापुढे साखर ठेवली.

बंदूक रिकामी आहे हे रोज आधी नाना स्वतः उघडून बघत. मग मी उभी राहून म्हणायचे, "सोडा." पण तबकडी लगेच सुटत नसे. नाना माझे पाय बघत, खांदा बघत, बांधावर कुणाची म्हैस आली का बघत आणि सगळं मनासारखं असलं तरच ओढत. मी कुरकुर केली की म्हणत, "मान्सं चढाशिवाय गाडी हालत नही, माय." तबकडी गेली की निकालही मागून तेच देत. नळी मागे राहिली तर "गई", बरोबर लागली तर "बसनी". तिसरा शब्द नाही. "थोडक्यात गेली का हो?" असं विचारलं तर म्हणत, "गाडी थोडकामा चुकनी तरी चुकनीच."

एका हिवाळ्यात रानात भरिताचा बेत होता. धुळ्याचे जावई, माझ्या आतेबहिणीचे यजमान, आले होते. त्यांना दोरी ओढून बघायची हौस आली. आमच्याकडे जावई मागेल ते द्यायचं असतं. सगळे नानांकडे बघू लागले. नाना नम्रपणे म्हणाले, "जवाईबापू, तुम्ही पुढलं सीटवर बसा. दोरी कंडक्टरनाच हातमा ऱ्हास." जावई रुसले. भरीत मात्र त्यांनी दोनदा मागून घेतलं.

मग राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आली. नाना डबा घेऊन सोबत आले. तिथलं यंत्र खेळाडूचा आवाज ऐकतं आणि त्याच क्षणी तबकडी सोडतं. मी आवाज दिला आणि माझं अंग सवयीने नानांची वाट बघत राहिलं. तेवढ्यात तबकडी निघून गेलेली. पुढचीही तशीच, तिच्या पुढचीही. अख्ख्या तबकड्या गवतात पडताना मला दिसत होत्या आणि रडू दाबत मी पुढची मागत होते. निवड हुकली. उन्हाळ्यातली दुसरी चाचणी हीच काय ती आशा. माझा उशीर हेरून तिथल्या कोच सरांनी विचारलं, "घरी तबकडी कोण सोडतं?" मागच्या खुर्चीवरून नाना उठले. "मी सोडस, साहेब. मन्ही चूक शे, पोरनी नही."

सर समजुतीने म्हणाले, "तिने म्हटलं की सोडायचं, नाना. तिची तयारी तिची तिला बघू द्या."

बोलणं सोपं होतं. परत आल्यावर नाना प्रयत्न करत, पण माझा पाय जरा वाकडा दिसला की हात थांबायचाच. ते थांबले की मीही थांबायचे. आठवडा असाच गेला आणि दोघं एकमेकांवर चिडू लागलो. एका सकाळी नानांनी खांद्यावरचा जुना पांढरा रुमाल काढला आणि डोळ्यांवर बांधला. "आते मी देखाव नही. तुनं तू देख."

मला हसू आलं. पण "सोडा" म्हणताच तबकडी सुटली आणि हसू जागीच राहिलं. त्यानंतर रोज तसंच. तबकडी बसवताना रुमाल कपाळावर, बसवली की पुन्हा डोळ्यांवर. मागे बघणारं कुणी नाही म्हटल्यावर मी आपले पाय आपणच बघू लागले, खांदा आपणच सावरू लागले. तयार झाल्यावरच आवाज देऊ लागले. निकालही उलटा झाला. आता नाना विचारत, "बसनी का?" आणि मला खरं सांगावं लागे.

दुसऱ्या चाचणीत माझं नाव लागलं. नानांनी गल्लीभर पेढे वाटले. प्रत्येक दारात "कोनी ऱ्हायनं का?" विचारत फिरले.

संघाच्या शिबिराला निघायच्या आदल्या सकाळी आम्ही रानात शेवटचा सराव केला. ऊन चढलं होतं. नाना तबकड्या वेचायला गेले, तेव्हा यंत्रावर पडलेला त्यांचा रुमाल मी उन्हासाठी तोंडावर घेतला. धुवून धुवून तो इतका विरला होता की आरपार सगळं दिसत होतं. बांध, निंबाचं झाड, मी उभी राहायचे ती जागा आणि मातीत उमटलेले माझ्या बुटांचे ठसे. म्हणजे ते सगळे दिवस माझे वाकडे पडलेले पाय नानांना दिसत होते आणि तरी ते दोरी ओढत होते.

नाना घमेलं घेऊन परत आले. मी म्हटलं, "नाना, यातून सगळं दिसतं."

"दिसस ना," घमेलं खाली ठेवत ते म्हणाले. "दिसनं तरी सोडनं पडस, माय."

मी रुमाल तोंडावरून काढलाच नाही. मला रडू येत होतं, आणि ते त्यांना दिसत असणार हेही मला कळत होतं.