डावी बाही

आमची मास्तरीण कोणाचं माप कोणाला सांगायची नाही. एकदा एक नवरोबा आले, म्हणाले, बायकोला गुपचूप कोट शिवायचाय, वहीत बघून तिची कंबर सांगा. मास्तरीण म्हणाली, "घरी जाऊन तिलाच विचारा, छाती असेल तर." बिचारा आल्या पावली परत गेला.

मी तिच्या दुकानात सतरा वर्षं काज-बटणं करते. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारात कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा लावून माप घ्यायची जागा. पडद्याआडून ती आकडे मोठ्याने कधी बोलली नाही, चिठ्ठीवर लिहून बाहेर सरकवायची. वहीत गिऱ्हाइकांची नावं नसायची, खुणा असायच्या. 'उंच मान'. 'सतत घाई'. 'दोन खिसे जास्त'. मी चिडवायची, "अहो, आपण कोट शिवतो की हेरगिरी करतो?" ती म्हणायची, "अंगावरचं माप म्हणजे माणसाच्या पोटातली गोष्ट. आपण ती पोटातच ठेवायची."

'डावी बाही' आमच्याकडे आली तिला आता चार वर्षं होतील. सोबत सहा वर्षांची मुलगी, तिची वेणी कमरेपर्यंत. मास्तरणीने बरगडीला टेप लावली तशी बाई दचकून मागे सरली. डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता. कधीतरी मोडला होता आणि कोणी वेळेवर बसवून घेतला नव्हता. मास्तरणीने विचारलं काहीच नाही. बाही पाऊण इंच आखूड केली आणि कफ असा दुमडला की बघणाऱ्याला दोन्ही हात सारखे वाटावेत. कोट घालून आरशासमोर उभी राहिली आणि ती रडायलाच लागली. मग आपणहून बोलली. हात नवऱ्याने मोडला होता. मुलीला घेऊन ती लांबून पळून आली होती. फोन नंबर नवा, कामावर नाव वेगळं, वर घरी लोकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. तो नंबर फक्त तिच्या आईकडे होता, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे. मास्तरणीने फोनमध्येसुद्धा 'डावी बाही' असंच लिहिलं.

वर्षभराने एक नवीन गिऱ्हाईक आली, नवऱ्याची बदली होऊन या शहरात आलेली. बोलकी इतकी, की पडद्याआडून अख्ख्या दुकानाला ऐकू जायचं. "आमची वहिनी हो! वाकड्या हाताची! पोरीला घेऊन पळाली. भाऊ अजून शोधतोय, सापडली की बघा काय करतो ते." मास्तरणीच्या ओठांत सहा टाचण्या होत्या, एक पडली नाही. माझ्या हातातलं बटण मात्र घरंगळत मशीनखाली गेलं.

मी म्हटलं, "हिला हाकलून द्या."

"हाकललं तर हिला वास लागेल. समोर असली म्हणजे काय चाललंय ते आपल्याला कळतं तरी."

तेव्हापासून डावी बाही मंगळवारी आणि नणंद शुक्रवारी. डाव्या बाहीला बजावून ठेवलं होतं, शुक्रवारी या रस्त्याला फिरकायचं नाही. दोन वर्षं दोघी एकाच आरशात स्वतःला बघून गेल्या आणि एकीला दुसरीचा पत्ता लागला नाही. एवढं मोठं काम आमच्या त्या लांबट खोलीने केलं होतं, आणि मला त्याचा गर्व होता. गर्वाचं घर खाली, म्हणतात ना.

समोर तयार कपड्यांचं दुकान उघडलं आणि आमच्याकडची गर्दी ओसरली. मीच मास्तरणीच्या मागे लागले. "फोनवर आपल्या दुकानाचं पान उघडू या. कोटांचे फोटो टाकू, लोक बघतील." ती नको नको म्हणत होती. एका दुपारी मी तिचा फोन घेतला आणि बसले. एकामागून एक चौकोन येत होते. पुढे, पुढे, पुढे. ती चष्म्यावरून डोकावून म्हणाली, "एवढं काय लिहिलंय त्यात?"

"अटी आहेत हो. कोणी वाचत नाही, मान्य म्हणायचं."

मग आलं, 'तुमच्या ओळखीची माणसं शोधू का?' मी हो दाबलं. फोन तिचा, बोट माझं. आता किती हात धुतले तरी हे जाणार आहे का?

दहाव्या दिवशी, आणि तोही शुक्रवार, डावी बाही धावत आली. मुलगी हाताला धरलेली, स्वतःचा ओठ फुटलेला. नवरा खोलीपर्यंत येऊन पोचला होता. शेजाऱ्यांनी मध्ये पडून त्याला धरलं तेवढ्यात ती जिन्यावरून निसटली होती.

"मास्तरीणबाई, माझा नंबर कोणाला दिलात?"

"कोणालाही नाही. या हातांची शपथ."

तिने विश्वास ठेवला. हेच माझ्या जिव्हारी लागलंय, तिने विश्वास ठेवला. मास्तरणीच्या गळ्यात पडली आणि मागच्या दाराने गेली.

तासाभराने नणंद हसत हसत आली. "तुमचं पान सापडलं मला! आणि त्याच्याबरोबर काय सापडलं, बघा." फोन पुढे केला. 'तुम्ही यांना ओळखत असाल.' नाव भलतंच, आणि फोटोत एक पाठमोरी मुलगी, वेणी कमरेपर्यंत. आजीला नात वाढताना दिसावी म्हणून डाव्या बाहीने तेवढा एक फोटो ठेवला होता. "आत्याला भाचीची पाठ कळणार नाही होय? मी लगेच खोट्या नावाने ओळख वाढवली. साड्यांना फॉल लावून हवाय म्हटलं, तिने पत्ता दिला." दोघींचे नंबर मास्तरणीच्या एका फोनात होते, म्हणून फोनने त्यांची गाठ घालून दिली. नाव लपवलं तरी नंबर होताच की.

मास्तरीण उठली, नणंदेचा अर्धा शिवलेला कोट तिच्या हातात कोंबला आणि तिला दाराबाहेर काढलं. मग स्टुलावर बसली ती दिवे लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिने झेरॉक्सवाल्याकडून त्या अटी छापून आणल्या. एकेचाळीस पानं. मशीन बंद ठेवून चार दिवस वाचत होती. एकोणिसाव्या पानावर एका ओळीत टाचणी खुपसून तिने ते माझ्यापुढे धरलं. दुसऱ्यांचे नंबर तुम्ही त्यांच्या परवानगीने देत आहात, याची हमी तुम्ही देता.

"म्हणजे मीच दिला," ती म्हणाली.

"बोट माझं होतं."

"दुकान माझं आहे."

कंपनीला तक्रार लिहिली. मिनिटभरात उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली पाच चांदण्या, किती समाधानी आहात ते सांगा म्हणून. पान बंद केलं, तर दिलेली माहिती आवश्यक तेवढा काळ ठेवली जाईल म्हणे. "कोणाला आवश्यक?" मास्तरीण फोनलाच विचारत होती. डाव्या बाहीचा नंबर लागत नव्हता.

तेव्हापासून तिने टेप खुंटीला टांगली ती टांगलीच. आता आम्ही चेन बदलतो, फाटलेलं अस्तर लावतो, पँटचे पाय आखूड करतो. बाईच्या अंगाला हात लावावा लागेल असं काम ती घेत नाही. वही तिने चुलीत घातली. मी म्हटलं, वहीने काय घोडं मारलं होतं? तर म्हणाली, "मला आता माझाच भरवसा नाही."

गेल्या सोमवारी माझ्या फोनवर आलं, 'तुम्ही यांना ओळखत असाल.' अनोळखी नाव. फोटोत माणूस नाही, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला एक कोट. कफ सुटला होता आणि डावी बाही पाऊण इंच आखूड दिसत होती. तिने नंबर बदलला असणार, गावही बदललं असणार. कसं जुळवलं, देव जाणे. मला दाखवलं म्हणजे नणंदेलाही दाखवलं असणार, आणि त्या बाहीतला वाकडा हात तिने पाहिलेला आहे.

मी फोन घेऊन मास्तरणीकडे गेले. "निरोप धाडते. पण आधी नवीन अटी मान्य करा म्हणतंय, त्याशिवाय पुढे जाऊच देत नाही."

तिने किती वेळ तरी तो कोट बघितला. मग म्हणाली, "या वेळी तिला विचारल्याशिवाय दाबू नकोस."

"अहो, तिला विचारायचं तरी दाबावंच लागेल!"

मी दाबलं. एवढंच लिहिलं, 'इथून निघ. त्यांना कळलंय.' संध्याकाळी निरोपाखाली 'वाचला' अशी खूण आली. मंगळवारी सकाळी बघितलं तर ते नाव नाही, तो कोट नाही. निरोप कोणीतरी वाचला, एवढं नक्की. कोणी वाचला ते काही त्यात दाखवत नाहीत.