तपासणीच्या दिवशीचा चहा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तो माणूस मला आवडत नव्हता, आणि संधी मिळाली तेव्हा मी सूड घेतला.

सिंगापुरात, पुंगोलला, ते आमच्याच मजल्यावर राहायचे. लिफ्टचं दार पायाने अडवायचे आणि कुणी ओळखीचं हसलं की म्हणायचे, "बोला लवकर, आई एकटी आहे." आईसाठी त्यांनी हार्बरफ्रंटची नोकरी सोडली होती. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सेवा एकाची आणि राग सगळ्या मजल्यावर. माझ्या बायकोने भाजी पाठवली तर "मीठ जास्त आहे, आईला चालत नाही." डबा मात्र लख्ख घासून परत यायचा.

दार उघडंच असायचं. ऑफिसला निघताना मी रोज बघायचो. आईंच्या हनुवटीखाली पंचा धरून ते एकेक घास भरवत असायचे.

एकदा लिफ्टमध्ये मी म्हणालो, "स्वतःच्याही तब्येतीला जपा."

"तुमची आई पुण्याला वृद्धाश्रमात ना? मग सल्ले तिला द्या. फोनवर."

लिफ्टमध्ये आणखी दोन मराठी कुटुंबं होती.

महिन्याभराने तेच माझ्या दारात. पूर्णवेळ घरी राहून सांभाळणाऱ्यांना सरकार दरमहा मदत देतं, त्यासाठी अर्ज केला होता. आईंना स्वतःचं काही करता येत नाही ना, हे बघायला तपासणीच्या बाई येणार होत्या. आईंना मराठीच येत होतं, आणि दुभाषा घरचा चालणार नव्हता.

"दुसरं कुणी असतं तर आलो नसतो," ते म्हणाले. "मदत नाही मिळाली तर नोकरी धरावी लागेल. मग आईला वृद्धांच्या होममध्ये ठेवावं लागेल."

त्या सकाळी आई न्हाऊन, इस्त्रीची साडी नेसून, कुंकू लावून खुर्चीत बसलेल्या. घरात पाहुणी यायची तर माणूस नीटनेटकं हवं, एवढंच मुलाला सुचलं होतं.

बाईंनी विचारलं, मी मराठीत सांगितलं. आई ताठ बसल्या. "अंघोळ माझी मी करते. जेवते माझ्या हाताने. हा उगाच घरी बसलाय."

साऱ्या मजल्याला फाडून खाणारा तो माणूस परक्या बाईसमोर आईला खोटं पाडू शकला नाही. माझ्याकडे एकदा बघितलं आणि चहा करायला आत गेले.

बाईंनी मला हळूच इथल्या तुटक इंग्रजीत विचारलं, "अंकल, यू नेबर, राइट? आंटी रियली कॅन, आह?"

मला लिफ्ट आठवली.

"कॅन," मी म्हणालो.

चहाचे दोनच कप आले. आईंना दिलाच नाही. दिला असता तर पाहुणीसमोर भरवावा लागला असता.

अर्ज नामंजूर झाला. आई होममध्ये गेल्या, ते पाया लेबार भागात कामाला लागले. नंतर एकदा लिफ्टमध्ये भेटले. दार पायाने अडवलं नाही.

"तुम्हाला तुमच्या आईवरून बोललो होतो," ते म्हणाले. "मागे घेतो. आता मीही तुमच्यासारखाच."

"अहो, चालायचंच," मी म्हणालो.

पुढे ते फ्लॅट सोडून गेले. नंबर माझ्याकडे अजून आहे. त्यांच्या आईला एक घासही स्वतःच्या हाताने घेता येत नव्हता, हे मला माहीत होतं आणि तरी मी खोटं बोललो. एवढं त्यांना सांगायचं देणं मी लागतो.