एकोणीस मुलं आणि पाडलेला पूल

कारकूनबाईंचं अक्षर मोत्यासारखं आणि जीभ मिरचीसारखी. बावीस वर्षं शाळेचा पट त्यांच्याकडे. कोणाच्या घरी कोणती भाषा बोलतात, कोणाचा बाप कुठल्या कारखान्यात, कोण कोणाची आतेबहीण, सगळं तोंडपाठ. यंदा पट बरोबर वीस. त्याखाली गेला की शाळेला टाळं, आणि पटपडताळणीचे साहेब दुपारी यायचे होते.

नेमकी सकाळीच एक आई मुलीचा दाखला मागायला आली. नवऱ्याला परगावी काम लागलेलं, दुपारची गाडी. हेडसरांनी बाईंना बाजूला घेतलं आणि शिक्का सापडत नाही म्हणून सांगा, असं सुचवलं. बाई भडकल्या. लहानपणी त्यांचाच दाखला एका शाळेनं अडवला होता, अख्खं वर्ष पाण्यात गेलं होतं. त्यांनी दाखला लिहून मुलीच्या हातात दिला. पट एकोणीस.

हेडसर कपाळाला हात लावून बसले. बाईंनी तपासणीचा तक्ता ओढला. दरवर्षी त्या जुना तक्ता समोर ठेवत आणि आकडे तेवढे बदलत. आज धास्तीनं प्रत्येक रकाना वाचला. 'दुसरी शाळा पायी गाठता येते का? येत नसल्यास विसाची अट नाही.' जुन्या तक्त्यात पुढे त्यांच्याच अक्षरात 'होय'. त्या शाळेकडे नेणारा रुळांवरचा पूल पाडून सहा वर्षं झाली होती. मुलं काय पंख लावून जाणार होती?

"आता 'नाही' लिहिलंत तर सहा वर्षांचं निघेल," हेडसर म्हणाले. "तुमच्यावरच शेकेल, बाई."

"शेकू द्या. माझंच आहे."

साहेब आले तसे बाईंनी त्यांना खुर्चीवर टेकूसुद्धा दिलं नाही, थेट रुळांपर्यंत चालवत नेलं. पुलाचे दोन खांब उरलेले, मध्ये भिंत. वळसा घालून पाऊण तास, तोही ट्रकच्या रस्त्यानं. साहेबांनी तिथंच 'नाही'वर सही केली. मग शाळेत येऊन जुने तक्ते मागवले.

"हे सहा 'होय' कोणी लिहिले?"

हेडसर खिडकीबाहेर बघू लागले.

"मी," बाई म्हणाल्या. "न वाचता लिहिले."

"लेखी खुलासा द्यावा लागेल."

बाईंनी आजवर इतरांचे खुलासे फाइलला लावले होते, स्वतःचा कधी लिहिला नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला, पहिली ओळ खोडली, दुसरीही खोडली.

"देते, साहेब," त्या म्हणाल्या. "आधी पोरांना सोडून येते. सुट्टीची वेळ झालीय."