कानमिस्त्रीचं बोट

मिस्त्रीने उजव्या हाताचं बोट वर केलं की गॅरेजात कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. गाडीचा मालक तोंडातलं वाक्य अर्ध्यात गिळायचा. शेजारचा पंक्चरवाला हातोडी हवेत धरून उभा राहायचा. दाराजवळच्या उजेडात सीटची कव्हरं शिवणारी मिस्त्रीची बायको पायमशीनच्या चाकावर तळहात ठेवून ते थांबवायची. मग एकटं इंजिन बोलायचं. मिस्त्री मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकायचा. बोट खाली आलं की निकाल.

निकालाआधी कोणी काही सुचवायचं नाही, हा नियमाचा दुसरा भाग. एका गिऱ्हाइकाने एकदा मध्येच "चेन असेल हो" म्हटलं, तर मिस्त्रीने इंजिन बंद केलं, गाडी ढकलत रस्त्यावर नेऊन उभी केली आणि म्हणाला, मग चेनवाल्याकडे न्या. तेव्हापासून कोणी बोललं नाही. जुन्या गाड्यांचे लोक लांबून यायचे आणि हा तमाशा बघायलाही थांबायचे. कानमिस्त्री हे नाव त्यांनीच पाडलं. त्याचं खरं नाव पाटीवर होतं, पण पाटी धुराने काळी झाली होती आणि ती पुसावी असं कोणाला वाटलं नाही.

कान कधी गेले हे सांगता येणार नाही. उन्हात वाळत घातलेल्या कापडाचा रंग कोणत्या दिवशी उडाला हे कोण सांगणार? बारीक आवाज आधी गेले. पत्र्यावरची पाखरं, किटलीची शिटी, झडपांची टिकटिक. जाड आवाज राहिले, आणि जाड आवाजांवर माणूस बरीच वर्षं काढू शकतो. शिवाय मिस्त्रीला गाड्या पाठ होत्या. प्लग काढून त्याचा रंग बघितला, सायलेन्सरवर हात धरला, मालकाकडून दोन गोष्टी काढून घेतल्या, की निकाल बहुतेक वेळा बरोबर यायचा. बोट तरीही वर जायचंच. गॅरेज रिकामं असलं की तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायचा. तरुणपणी असं करणाऱ्यांना तो हसत असे. पावलं वाजली, म्हणजे दारात सावली पडली, की तो स्क्रू-ड्रायव्हर पटकन खाली करून एखादा स्क्रू पिळू लागायचा.

घरात तो म्हणायचा की बायको हल्ली पुटपुटत बोलते.

एका साली कवळीवाला आपली जुनी मोटारसायकल घेऊन आला. कवळीवाला म्हणजे दात करणारा. बाजाराच्या मागच्या बोळात त्याची खोली होती, तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने ठेवलेले असत. आठवड्यातून काही दिवस तो टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर जायचा, म्हाताऱ्यांची मापं घ्यायचा, तयार कवळ्या बसवून द्यायचा. गाडी त्याच्या थोरल्या भावाची, भावाच्या मागे त्याच्याकडे आलेली, आणि भाऊ असल्यापासून ती मिस्त्रीच्याच हातची. त्याची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कोणी बिनदातांचा माणूस तोंडावर हात धरून बोलू लागला की कवळीवाला मान वळवायचा. फळीवरचं काहीतरी बघत बसायचा, जणू तिथे फार महत्त्वाचं काम राहिलंय. समोरच्याचा हात आपोआप खाली यायचा.

गाडीची तक्रार अशी होती. थंड असताना चोक ओढून मजेत चालते. तापली की रेस सोडली तरी आवाज खाली यायला तयार नाही, उगाच वर भणभणत राहते. आणि टेकडीच्या चढावर कार्ब्युरेटरमधून फट्‌ करून शिंकते आणि बंद पडते.

"पेटीत चार जणांचं हसू घेऊन मी चढावर उभा," कवळीवाला म्हणाला, "आणि पलीकडे ते चौघं हिरड्या चावत बसलेत. काहीतरी करा, मिस्त्री."

बोट वर गेलं. हातोडी थांबली, मशीनचं चाक थांबलं. मिस्त्रीने डोळे मिटले. इंजिनाची धडधड त्याला छातीत लागत होती. त्या धडधडीच्या वर काय होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बोट खाली घेतलं आणि सांगितलं, कार्ब्युरेटर. जेटात कचरा आहे, पेट्रोल कमी पडतंय.

प्लग काढला तर तो राखेसारखा पांढरा निघाला, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, एवढं तर खरंच होतं. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उतरवला, सुटा केला, पेट्रोलमध्ये धुतला, एकेक जेट उजेडाकडे धरून आरपार पाहिला. परत बसवताना दोन्ही नट नीट आवळले. गाडी गेली.

ती परत आली. कवळीवाला ती उतारावरून ढकलत आणत होता आणि त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मिस्त्रीने पुन्हा सगळं उतरवलं. फ्लोट बदलला, सुई एक खाच वर घेतली, जेट मोठा टाकला. नट या वेळी आणखी जोराने आवळले. ज्याला ऐकून खात्री करता येत नाही तो जोर करून करतो. भणभण वाढली. मग त्याने पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घातल्या. मग कवळीवाल्यालाच सुनावलं की तुमच्या दादांचा हात हलका होता, तुम्ही तिला बैलासारखं हाकता. कवळीवाला हसला. तो दातांकडे बघून माणूस ओळखायचा, आणि मिस्त्रीचे दात त्याला त्या दिवशी फार आवळलेले दिसले असणार.

पुढच्या खेपेला गॅरेजात आणखी दोघे होते. एक दूधवाला आणि एक वकील, दोघेही आपापल्या गाड्यांसाठी थांबलेले. बोट वर झालं, खाली आलं, आणि मिस्त्रीजवळ निकाल नव्हता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याची नजर फिरत फिरत दाराशी गेली. तिथे बायको मांडीवर रेक्झीन घेऊन बसली होती, आणि तिच्या पायाशी फाटक्या सीटमधून काढलेला कापूस पडला होता.

"हा कापूस," मिस्त्री म्हणाला. "याची तूस उडते आणि जेटात जाऊन बसते. किती वेळा सांगितलं हिला. मी इथे मरमर धुतोय आणि ही तिथे पिंजतेय."

त्याने तिला कधीच काही सांगितलेलं नव्हतं. ती उठली. वकील म्हणाला की बघा, म्हणजे चोर घरातच होता. दूधवाला हसला. मशीन जड होतं, पंक्चरवाल्याने आणि तिने मिळून ते मागच्या पडवीत नेलं. तिथे पत्र्याची सावली होती, पण सुईत दोरा ओवायला उजेड पुरत नव्हता. ती दोरा ओठांत धरून, डोळे बारीक करून, भिंतीकडे तोंड करून शिवू लागली.

कापूस गेला आणि गाडी पुन्हा आली.

दुपारी जेवायच्या वेळेला गॅरेज रिकामं झालं. पंक्चरवाला घरी गेला होता. मिस्त्रीने गाडी चालू केली आणि तिच्यासमोर नुसता बसून राहिला, बोट वर न करता, कारण बघायला कोणी नव्हतं. मागून बायको आली. तिने डब्याची पिशवी बाकावर ठेवली, अर्धं शटर खाली ओढलं आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसली. मग तिने त्याचं ते बोट धरलं, तेलाच्या वाटीत बुडवलं आणि कार्ब्युरेटर जिथे इंजिनाला चिकटतो त्या सांध्यावर नेऊन टेकवलं.

बोटाखाली सांधा श्वास घेत होता. तेलाचा थेंब बाहेर ओघळला नाही, तो आत गेला. इंजिनाचा आवाज उतरला, नीट, गोल, गाडीच्या जुन्या चालीवर आला. तेल शोषलं गेलं आणि भणभण पुन्हा चढली.

मिस्त्रीने स्वतःहून बोट पुन्हा बुडवलं, पुन्हा टेकवलं. तेच झालं. मग त्याने गाडी बंद केली.

कार्ब्युरेटर उतरवून त्याने, इंजिनाला चिकटणाऱ्या त्याच्या सपाट तोंडावर, स्टीलची पट्टी आडवी धरली आणि उजेडाकडे बघितलं. पट्टीखालून मधोमध उजेडाची एक चंद्रकोर दिसत होती. तोंड वाकलं होतं. दोन्ही कडांचे नट कोणीतरी वाजवीपेक्षा फार आवळले होते, पुन्हा पुन्हा, दर खेपेला आधीपेक्षा जास्त, आणि मऊ धातू मधोमध उचलला गेला होता. त्या फटीतून हवा आत जात होती. जेट स्वच्छ होते. पहिल्या दिवशी फट असेलच तर केसाएवढी असेल. बाकीची त्याच्या हातांनी केली होती.

"सुस्स असं वाजतंय," बायको म्हणाली. "सायकलच्या व्हॉल्वमधून हवा जाते ना, तसं. पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

तिने तेलाची वाटी बाजूला सरकवली. बोट खाली यायच्या आधी या गॅरेजात कोण बोललं होतं? आणि खाली आल्यानंतर बोलायला उरत काय होतं? मिस्त्रीलाही प्रश्न विचारून झाल्यावर हे कळलं.

त्याने वेगळं विचारलं. "तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

"एकदा तुम्ही बोट वर केलंत," ती म्हणाली, "आणि माझं लक्षच नव्हतं. मी मशीन चालवतच राहिले. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत, बोट खाली घेतलंत, निकाल सांगितलात. मशीन चालूच होतं." ती डबा उघडू लागली. "तेव्हा आपल्या धाकटीचं लग्न व्हायचं होतं."

धाकटीची मुलगी आता शाळेत जाते.

मिस्त्रीला एकेक आठवू लागलं. मशीनचं चाक ती अलीकडे कशी थांबवायची ते. तळहात सगळ्यांना दिसेल असा उचलून, ठळकपणे ठेवायची, आणि लोक तिच्याकडे बघून गप्प व्हायचे. त्याला वाटायचं, तिला आपल्या कानाचा अभिमान आहे. घरी कोणी हाक मारली की ती त्याच्या आधी वळून बघायची, म्हणजे तोही वळेल. ती पुटपुटत नव्हती. एवढी सगळी वर्षं ती त्याच्या कानांवर पांघरूण घालत होती, आणि त्याने चारचौघांत तिला उचलून पडवीत नेऊन टाकलं होतं.

त्याला तिच्याकडे बघवेना. आपल्या वाटची भाकरी त्याने फडक्यात परत बांधली. ती मात्र जेवली, डबा धुतला आणि मागे निघून गेली. मशीनचा जाड आवाज भिंतीतून येऊ लागला. इंजिन बंद असलं की तो अजून ऐकू येत होता.

त्याने काचेच्या तुकड्यावर पॉलिशपेपर पसरला आणि कार्ब्युरेटरचं तोंड त्यावर घासत बसला, गोल, हलक्या हाताने, पट्टीखालचा उजेड बुजेपर्यंत. नवं पॅकिंग कापून घातलं. जेट पुन्हा लहान टाकला, सुई जुन्या खाचेत आणली. नट बसवताना पाना दोन बोटांत धरला. किती आवळायचं ते त्याला पूर्वी ठाऊक होतं, हाताला अजून आठवत होतं, फक्त हाताचं ऐकायला हवं होतं.

कवळीवाला गाडी घेऊन टेकडीवर गेला आणि परत आला तेव्हा ऊन कललं होतं. दूधवाला आला होता, वकीलही होता, पंक्चरवाला दारात टेकून उभा होता. गाडी उभी राहिली आणि रेस सोडताच आवाज आज्ञाधारकपणे खाली आला.

"एकदाही शिंकली नाही," कवळीवाला उतरत म्हणाला. "उगाच नाही म्हणत लोक. कान तो कान."

मिस्त्री हात पुसत राहिला. अजून काही बिघडलं नव्हतं. हे वाक्य त्याने आयुष्यभर घेतलं होतं, आणखी एकदा घेता आलं असतं.

बायको कवळीवाल्यासाठी पाणी घेऊन पडवीतून आली. तो तांब्या घेत थट्टेने म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा कापूस बाहेर गेला आणि उशिरा का होईना, गाडी सुधारली बघा."

दूधवाला हसला. वकील म्हणाला, निदान चोर सापडला. आणि तीही हसली. पदराने हात पुसत, अगदी सहज, जणू ती तूस खरोखरच तिची होती. "हो ना," ती म्हणाली, "माझंच चुकलं. बसायला हवं होतं आधीच मागे."

"कापूस नव्हता," मिस्त्री म्हणाला.

ते त्याने मोठ्याने म्हटलं. बहिरी माणसं बोलतात तसं, नको तेवढं मोठ्याने. सगळे थांबले. बायकोने मान हलवून नको म्हटलं, पण त्याने ते न बघितल्यासारखं केलं.

"तोंड वाकलं होतं. मी वाकवलं, नट आवळून. हवा ओढत होती. हिला ऐकू येत होतं, मला नाही." त्याला वाटलं इथे थांबता येईल, पण अजून सगळं सांगून झालं नव्हतं. "मला ऐकू येतच नाही. बरीच वर्षं झाली. बोट नुसतंच वर होतं."

वकिलाने आपल्या गाडीकडे बघितलं. त्या गाडीवरही असेच काही निकाल लागले होते, आणि तो आता ते मनात एकेक करून तपासत असणार. दूधवाल्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायचं विसरलं होतं. पंक्चरवाला दारातून सरकून आपल्या टायरांकडे गेला. मिस्त्रीने आयुष्यभर या गॅरेजात शांतता पाडली होती. ही पहिलीच, जिच्यात त्याला करण्यासारखं काही नव्हतं.

कवळीवाल्याने तांब्या खाली ठेवला. मान वळवली. गाडीजवळ वाकून तो कार्ब्युरेटरचा सांधा बघू लागला, जणू तिथे फार महत्त्वाचं काम राहिलं होतं. त्याने पॅकिंगच्या कडेवरून नख फिरवलं. एकदा, मग पुन्हा. पुष्कळ वेळ तो तसाच वाकून राहिला.

मिस्त्रीला ती पाठ ओळखता आली. ती त्या लोकांसाठी होती, जे तोंडावर हात धरून येतात. त्याचा स्वतःचा हात कानाशी गेलेला होता. कधी गेला ते त्याला कळलं नव्हतं. तो खाली यायला फार वेळ लागला.

मग तो मागे पडवीत गेला, मशीनची एक बाजू धरली आणि बायको दुसरी धरेल म्हणून थांबला.