विहिरीत सोडलेली बाज

आबांचा दहावा झाला आणि मी त्यांची बाज धुऊन अंगणात उभी केली. ओल्या काथ्याचा वास आला, आणि संगमनेरजवळच्या मळ्यातली ती विहीर डोळ्यांपुढे आली.

आबा, माझे वडील, वनरक्षक होते. विहिरीत बिबट्या पडला होता. त्याला टेकायला आधार मिळावा म्हणून त्यांनी दोर बांधून हीच बाज पाण्यावर सोडली होती. काठावर सारं गाव दगड घेऊन उभं होतं, कारण आदल्या दिवशी त्या बिबट्यानं आमच्या शेजारच्या हौसाकाकूचा हात फाडला होता.

"गार्डसाहेब, सरा! जावई हाय का त्यो तुमचा?" कोणी ओरडलं.

"व्हय, जावईच हाय. आधी मला मारा," म्हणत आबा दोर धरून पायऱ्या उतरले.

दगड सुटले. बिबट्याचा जबडा फुटला, पाणी लाल झालं. मी तेव्हा कॉलेजात होते. काकूचा हात आठवून मीही नेम धरून दगड फेकला. तो आबांच्या भुवईवर बसला. त्यांनी वर पाहिलं, थेट माझ्याकडे. रक्त डोळ्यात उतरलं, तरी दोर सोडला नाही.

बिबट्या संध्याकाळी मेला. वनखात्याच्या साहेबांनी आबांना दगड मारणाऱ्यांची नावं विचारली.

"गर्दीत कुणी वळखू आलं न्हाई," आबा म्हणाले.

आबा गावाला भ्याले, असं मला कित्येक वर्षं वाटत राहिलं. ते गेले त्या दिवशी त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घालताना भुवईवरची ती खूण दिसली. एक नाव झाकायला त्यांनी सगळ्या गावाला मोकळं सोडलं होतं.